हृदयाचा कॅल्शियम स्कोअर: गावाकडून स्कॅनला येणाऱ्यांसाठी

मागच्या महिन्यात गावाकडून काकांचा फोन आला. वय ५८, पाच एकर कापूस-तूर, अंगानं सडसडीत. "काहून रे, तुमच्या नागपुरात हृदयातलं कॅल्शियम मोजाची मशीन हाय म्हणते. मले कधी आणतं?"

मी नागपुरात सीटी स्कॅनवर टेक्निशियन आहे, गाव आर्णी तालुक्यातलं. त्यामुळं असे फोन मला नवे नाहीत. आणि माझा पहिला प्रश्नही ठरलेला असतो.

"काका, छातीत काही होते काय?"

"तसं काही नाही. विहिरीवरून येताना चढ लागला का गच्च होते. बसलो का जाते."

म्हटलं, मग माझ्या मशीनकडं येऊच नका. उद्याच्या उद्या यवतमाळला जाऊन हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. काका थोडे नाराज झाले. पुतण्या असून काम टाळतो असं त्यांना वाटलं असणार. पण हा लेख तिथूनच सुरू करावा लागतो, कारण कॅल्शियम स्कोअरिंग, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजणारं सीटी स्कॅन, कोणासाठी नाही हे आधी कळलं तर निम्म्या लोकांचे पैसे आणि एसटीच्या फेऱ्या वाचतात. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील. स्कॅनच्या आधी, स्कॅनच्या वेळी आणि नंतर काय करायचं, एवढंच मी सांगतो.

पायरी १: त्रास होतो की नाही, हे खरं खरं सांगा

चालताना, चढताना, ओझं उचलताना छाती आवळल्यासारखी होणं आणि थांबलं की बरं वाटणं, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ जाणं, पूर्वी न लागणारी धाप लागणं, ही हृदयाला रक्त कमी पडत असल्याची लक्षणं असू शकतात. साखरेच्या रुग्णांत आणि बायांमध्ये कित्येकदा छाती दुखतच नाही. नुसती घाबरगुंडी, धाप, घाम, नाहीतर 'गॅस झाला' इतकंच. अशांना ईसीजी, इको, स्ट्रेस टेस्ट, गरज पडल्यास अँजिओग्राफी अशा वेगळ्या तपासण्या लागतात. कॅल्शियम स्कोअर शून्य आला तरी त्रास असलेल्या माणसाला 'काही नाही, जा घरी' म्हणता येत नाही.

आणि बसल्या जागी छातीत दुखायला लागलं, घाम फुटला, आणि ते थांबतच नाही, तर स्कॅन, सोनोग्राफी, इनोची पुडी सगळं बाजूला ठेवा. १०८ ला फोन करा आणि जिथं ईसीजी निघतो त्या जवळच्या दवाखान्यात पोचा. झटक्यात रक्तवाहिनी बंद पडलेली असते आणि तिच्या पलीकडचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. सकाळच्या गाडीनं जाऊ, असं त्या रात्री म्हणू नका.

आणखी काही जणांना या स्कॅनची गरज नसते. ज्यांना आधी झटका येऊन गेला, स्टेंट बसली किंवा बायपास झाली, त्यांना रोग आहे हे माहीतच आहे. मोजून काय करायचं? ज्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १९० च्या वर आहे, त्यांना कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गोळी तशीही लागते. चाळिशीच्या पुढच्या साखरेच्या रुग्णांचंही बहुतेक वेळा तसंच. गर्भवतीनं हे स्कॅन करायचं नाही. चाळिशीच्या आतल्या पोरांनी हौसेखातर करून शून्य आणला तरी त्याला फारसा अर्थ नसतो, कारण कॅल्शियम साचायलाच वर्षं लागतात.

मग राहिलं कोण? वय साधारण ४० ते ७५, छातीचा काही त्रास नाही, पण गोष्टी काठावरच्या आहेत. बीपी थोडं वर, कोलेस्टेरॉल थोडं वर, वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत झटका आलेला. डॉक्टर म्हणतात, गोळी सुरू करू. तुम्ही म्हणता, एकदा चालू झाली की जन्माची लागते, जरा थांबू. दोघंही थोडे बरोबर असता. हे स्कॅन अशा अडकलेल्या माणसासाठी आहे.

पायरी २: आधी स्वस्तातल्या तपासण्या उरकून घ्या

यासाठी नागपूर गाठायची गरज नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात बीपी आणि साखर तपासून मिळते. तिशीच्या पुढच्या लोकांचा सी-बॅक नावाचा फॉर्म आशाताई घरी येऊन भरतात. त्यात तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरातले आजार असे प्रश्न असतात. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण, खात असाल तर तिथं 'नाही' सांगू नका. आशाताईला तुमच्या खिशातली पन्नी दिसतेच.

यानंतर लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करा. तालुक्याच्या लॅबमध्ये होतं. हे सगळे कागद घेऊन एखाद्या फिजिशियनला भेटा. वय, बीपी, तंबाखू, साखर आणि कोलेस्टेरॉल यांवरून येत्या १० वर्षांत झटका किंवा लकवा येण्याची शक्यता किती, याचा अंदाज त्यांना काढता येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली वेगवेगळ्या भागांसाठी असे रंगीत तक्ते नव्यानं काढले आणि त्यात दक्षिण आशियाचा तक्ता वेगळा आहे. हिरवा, पिवळा, लाल, बघताक्षणी कळतं.

हिरव्यात असाल तर बहुतेकदा स्कॅन नको. गडद लालमध्ये असाल तरी नको, कारण गोळी लागणारच. मधल्या रंगात असाल तर डॉक्टरांना सरळ विचारा: "साहेब, या स्कॅनचा आकडा पाहून तुम्ही माझ्या औषधाचा निर्णय बदलाल काय?" उत्तर 'नाही' असेल तर पैसे खिशात ठेवा. माझ्या धंद्यावर पाय पडतो, पण हाच प्रश्न सगळ्यात कामाचा.

पायरी ३: मशीन नेमकं काय मोजते, हे समजून घ्या

कॅल्शियम म्हटलं की लोकांच्या डोक्यात दोन गोष्टी येतात, दूध आणि चुना. आमच्याकडं तिसरी पण येते, पाणी. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातून, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याकडून येणारी माणसं हमखास विचारतात की आमच्या विहिरीच्या खारट पाण्याचा थर जसा गुंडाला बसतो, तसाच हृदयात बसला काय? आणि गोंदिया-भंडाऱ्याकडचा एक जण टेबलावर झोपल्या झोपल्या म्हणाला होता, "भाऊ, खर्र्यात चुना असते ना जी, तोच जमा झाला असन."

नाही. खाल्लेल्या चुन्याचा किंवा पाण्यातल्या क्षारांचा थर हृदयात बसत नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांना कोरोनरी म्हणतात. त्यांच्या भिंतीच्या आत कोलेस्टेरॉल साठतं, तिथं सूज येते, आणि बऱ्याच वर्षांनी शरीर त्या जुन्या बिघाडावर कॅल्शियम चढवतं. हे भिंतीच्या आत घडतं, नळाच्या आतून थर बसतो तसं नाही.

मी लोकांना वाळवीची गोष्ट सांगतो. दाराच्या चौकटीवर मातीची बारीक नळी दिसली की आपण ओळखतो, आत वाळवी आहे. ती नळी स्वतः लाकूड खात नाही. लाकूड किती पोकळ झालं तेही ती सांगत नाही. पण जितक्या नळ्या जास्त, तितका घरात वाळवीचा पसारा जास्त. स्कॅनमधलं कॅल्शियम म्हणजे ती मातीची नळी. आणि नळी दिसली नाही म्हणून वाळवी नाहीच, असंही छातीठोक सांगता येत नाही. ताजी, मऊ गाठ या स्कॅनला दिसत नाही.

खर्रा खाणाऱ्या त्या भाऊला मात्र मी पुढचं पण सांगितलं. चुन्याचा दोष नाही, तंबाखूचा आहे. बिडी असो की खर्रा, तो हृदयाला बाधतोच. खारपाणपट्ट्यातल्यांनी किडनीची तपासणी जरूर करून घ्यावी. किडनी बिघडली की रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचायचं प्रमाण वाढतं, त्यामुळं क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, जुना रिपोर्ट असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि हाडांसाठी कॅल्शियमची गोळी चालू असेल तर हे वाचून स्वतःच्या मनानं बंद करू नका.

पायरी ४: सेंटरला फोन करून चार प्रश्न विचारा

सीटी मशीन आता जिल्ह्याच्या ठिकाणी आणि काही तालुक्यांतही आली. पण डोक्याचं स्कॅन करणारं प्रत्येक मशीन हे काम करतंच असं नाही. हृदय सतत हलतं. त्याचा फोटो दोन ठोक्यांच्या मधल्या निवांत क्षणी काढावा लागतो, आणि त्यासाठी मशीनला ईसीजी जोडलेला असावा लागतो. म्हणून फोनवर विचारा: कार्डियाक स्कॅन, ईसीजी गेटिंगसह होतं काय? कॅल्शियम स्कोअरिंगचं सॉफ्टवेअर आहे काय? रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट स्वतः बघून देतात काय आणि कधी? एकूण पैसे किती, सीडी आणि फिल्म धरून?

दर सेंटरगणिक बदलतात. माझ्या मामांचे एका ठिकाणी अडीच हजार लागले, दुसरीकडं त्याच स्कॅनला दुप्पट सांगितले होते. फोन फिरवायला लाज कसली? महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा कागद घेऊन येऊ नका. ती योजना दवाखान्यात भरती होऊन करायच्या उपचारांची आहे, चालत्याफिरत्या माणसाच्या तपासणीची नाही.

इथं एक गल्लत फार होते. कॅल्शियम स्कोअरिंग वेगळं आणि सीटी अँजिओग्राफी वेगळी. अँजिओग्राफीत हाताच्या शिरेतून डाय, म्हणजे नळ्या फोटोत उठून दिसाव्यात म्हणून औषध, सोडतात, त्याआधी क्रिएटिनिन बघतात, खर्च कितीतरी जास्त. स्कोअरिंगमध्ये सुई नाही, डाय नाही. काउंटरवर कोणी क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागितला किंवा हाताला सुई लावायला घेतलं, तर तिथंच थांबून चिठ्ठी दाखवा आणि विचारा, माझी कोणती तपासणी करून राह्यले? मामांच्या बाबतीत एका ठिकाणी असंच झालं होतं. काउंटरवरच्या पोरानं 'हार्टचं सीटी' ऐकलं आणि महागाच्या तपासणीची पावती फाडायला घेतली. मामी सोबत होत्या म्हणून बरं. त्या म्हणाल्या, "आमच्या डॉक्टरनं सुई सांगितली नाही, मंग तुम्ही काहून टोचता?"

'फुल बॉडी पॅकेज'मध्ये हे स्कॅन घुसवून विकणारेही आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी नसताना कोणी 'ऑफर आहे, करून टाका' म्हणत असेल तर दुसऱ्या पायरीवर परत जा.

पायरी ५: जायचा दिवस

घाई नसते. त्रास नसलेल्या माणसाचं हे स्कॅन पंधरा दिवस मागंपुढं झालं तर काही बिघडत नाही. पेरणी, कापसाची वेचणी टाकून येऊ नका. नागपूर-अमरावतीला दुसरं काही काम निघेल त्याला जोडून घ्या. बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट आहेच, ७५ च्या पुढच्यांना तिकीटच नाही.

उपाशी यायची गरज नाही, हलकं खाऊन या. पण स्कॅनच्या आधी चारेक तास चहा, कॉफी, बिडी, सिगारेट, खर्रा काही नको. कारण साधं आहे. चहा आणि तंबाखूनं ठोके वाढतात. ठोके साठ-पासष्टच्या आत असले की दोन ठोक्यांमधली विश्रांती लांब मिळते आणि फोटो साफ येतो. ९० ठोक्यांवर आलेल्या माणसाचा फोटो हलतो. मग एकच ठिपका दोन दिसतो आणि आकडा चुकतो. आमच्याकडं सगळ्यात जास्त खोळंबा याचाच. सकाळी आठचा नंबर असतो, माणूस गावावरून चारला निघतो, बसस्टँडवर दोन चहा, आणि दारातल्या टपरीवर शेवटचा खर्रा. विचारलं की म्हणतो, थुकला ना जी. थुकला तरी निकोटीन रक्तात गेलेलं असतं. मग अर्धा-पाऊण तास बाकड्यावर बसवून ठेवावं लागतं.

बीपीची रोजची गोळी मात्र चुकवायची नाही. पाण्याच्या घोटाबरोबर घ्या. ठोके अनियमित पडतात असं कोणी पूर्वी सांगितलं असेल तर ते फोनवरच सांगा.

सोबत जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि आधार कार्ड घ्या. समोर उघडणारा शर्ट किंवा ब्लाउज घाला. स्कॅन झालं की नागपुरात तर्री-पोहे खायला मोकळे आहात, पण रिपोर्ट हातात आल्यावर त्या तर्रीवरच्या तेलाकडं वेगळ्या नजरेनं बघाल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

पायरी ६: टेबलावर

आत गेल्यावर मोठ्या भाकरीसारखं गोल, मधे भोक असलेलं मशीन दिसेल. एमआरआयसारखा लांब बोगदा नसतो, घुसमट होत नाही. छातीवर ईसीजीचे तीन-चार स्टिकर चिकटवतात. छातीवर केस दाट असतील तर तेवढ्या जागचे काढावे लागतात. पुरुषमंडळी याला फार लाजतात, काही कारण नाही. घामानं स्टिकर सुटतो, म्हणून आम्ही आधी कापसानं पुसून घेतो.

गळ्यातला ताईत, साखळी, खिशातला मोबाईल, सुट्टे पैसे बाहेर ठेवायचे. धातू फोटोच्या मधे आला की पांढरे पट्टे उमटतात. मंगळसूत्राचा प्रश्न रोज येतो. बऱ्याच बाया काढायला तयार नसतात, सासू सोबत असली तर अजिबातच नाही. आमच्या एक सिस्टर सरळ ते वर, हनुवटीपर्यंत सरकवून घेतात. आम्हाला फोटो हृदयाच्या उंचीचा हवा असतो, गळ्याचा नाही. तसं बोलून बघा, वाद होत नाही.

हात डोक्यावर घेऊन उताणं झोपायचं. मग येतं सगळ्यात महत्त्वाचं काम, श्वास रोखणं. मशीनमधून आवाज येतो, तोही बहुतेक जागी इंग्रजीत नाहीतर हिंदीत. गडचिरोलीकडच्या एका आजोबांनी 'ब्रीद इन' ऐकून हात खाली घेतले होते. तेव्हापासून मी मशीनचा आवाज बंद करून स्वतः माइकवर बोलतो: "बाबाजी, श्वास घ्या. आता रोखा. बिलकुल हालू नका. झालं, सोडा." रोखायचं असतं फक्त दहा-पंधरा सेकंद. घरी खाटेवर झोपून दोन-चार वेळा करून पाहा. फार खोल, छाती फुगवून घ्यायचा नाही, साधा घ्यायचा, आणि दर वेळी तेवढाच.

इतकंच. आत जाऊन बाहेर यायला दहा-पंधरा मिनिटं, प्रत्यक्ष स्कॅन काही सेकंदांचं. एक्स-रेच्या किरणांची काळजी वाटते लोकांना, आणि वाटायला हवी. या स्कॅनमध्ये साधारण १ मिलिसिव्हर्ट (किरणांचं माप) किरण मिळतात. जमिनीतून, आभाळातून, हवेतून माणसाला वर्षाकाठी जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट तसेही मिळतातच. म्हणजे एकदा केलं तर घाबरण्यासारखं नाही, पण दर सहा महिन्यांनी करायची गोष्टही नाही.

पायरी ७: आकडा कसा निघतो

माणूस उठून चहाला गेला की आमचं खरं काम सुरू होतं. हृदयाचे तीन-तीन मिलिमीटरचे पातळ काप पडद्यावर येतात, काकडीच्या चकत्यांसारखे. ज्या ठिकाणी घट्टपणा १३० हाउन्सफील्ड एककांच्या (सीटीवर घट्टपणा मोजायचं माप) वर असतो, ती जागा सॉफ्टवेअर रंगवून दाखवतं. पण सॉफ्टवेअरला अक्कल नसते. बरगडी पण रंगते, मणका पण रंगतो. आपल्या भागात जुना टीबी होऊन गेलेली माणसं कमी नाहीत. त्यांच्या फुफ्फुसाजवळच्या गाठी सुकून चुन्यासारख्या कडक झालेल्या असतात, त्या हृदयाच्या अगदी शेजारी पांढऱ्याशुभ्र दिसतात. त्या मोजल्या की झाला घोळ. म्हणून एकेक काप बघत, कोरोनरी नळीवर असलेलाच ठिपका हातानं निवडावा लागतो, आणि वरून रेडिओलॉजिस्ट तपासतात.

मग हिशोब. ठिपक्याचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये घ्यायचं आणि त्याच्या घट्टपणाच्या गुणानं गुणायचं. सगळ्यात घट्ट जागा १३० ते १९९ असेल तर १, २०० ते २९९ ला २, ३०० ते ३९९ ला ३, ४०० आणि वर असेल तर ४. समजा एका कापात ६ चौरस मिलिमीटरचा ठिपका आहे आणि घट्टपणा ३२०, तर ६ गुणिले ३ म्हणजे १८. पुढच्या कापात ४ चौरस मिलिमीटरचा, घट्टपणा २१०, तर ८. बेरीज २६. बाकी कुठं काही नाही, तर त्या माणसाचा स्कोअर २६. ही रीत आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९९० साली मांडली, म्हणून रिपोर्टवर 'अ‍ॅगॅटस्टन स्कोअर' लिहिलेलं असतं.

पायरी ८: रिपोर्ट वाचताना

रिपोर्टमध्ये चार नळ्यांचे चार आकडे आणि खाली बेरीज असते. बेरीज बघा. हा आकडा टक्के ब्लॉकेजचा नाही, हे दहादा सांगावं लागतं. स्कोअर ८० म्हणजे ८० टक्के बंद, असा अर्थ काढून एक गृहस्थ आमच्या बाकड्यावरच रडायला लागले होते.

शून्य आला तर छान. पुढच्या काही वर्षांत झटक्याची शक्यता कमी, आणि बऱ्याच जणांची स्टॅटिन गोळी पुढं ढकलता येते. मात्र बिडी-सिगारेट ओढणारे, साखरेचे रुग्ण आणि घरात कमी वयात झटके आलेले, या तिघांना शून्य आला तरी गोळीची सूट आपोआप मिळत नाही.

१ ते ९९ म्हणजे वाळवी लागली आहे. विशेषतः पंचावन्नच्या पुढं डॉक्टरांचा कल गोळीकडं झुकतो. १०० च्या वर गेलं तर गोळीबद्दल फार वाद उरत नाही. ३०० च्या वर (काही रिपोर्टांत ही रेघ ४०० वर असते) पसारा मोठा. आणि १००० च्या वर गेलेल्यांची जोखीम आधी झटका येऊन गेलेल्या माणसांच्या जवळपास जाते.

हे कशावरून म्हणतात? अमेरिकेत २००० साली मेसा नावाचा अभ्यास सुरू झाला. त्यात ४५ ते ८४ वयाची ६,८१४ माणसं घेतली, कोणालाच आधी हृदयरोग नव्हता. १० वर्षांनी पाहिलं तर शून्य स्कोअरवाल्यांत, वय-लिंग-वंशाचा गट कोणताही घ्या, १.३ ते ५.६ टक्के लोकांना झटका, लकवा असलं काही झालं. ३०० च्या वरच्यांत १३.१ ते २५.६ टक्के. फरक डोळ्यात भरण्यासारखा आहे. पण त्या अभ्यासात गोरे, काळे, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे लोक होते, आपण नव्हतो. तिथल्या भारतीय-पाकिस्तानी वंशाच्या लोकांसाठी मसाला नावाचा वेगळा अभ्यास २०१० मध्ये सुरू झाला. नाव ऐकून हसू येतं, पण खरंच तेच नाव आहे.

हे सांगायचं कारण रिपोर्टातला पर्सेंटाइल. तो बहुतेक वेळा मेसाच्या लोकांशी तुलना करून काढलेला असतो. मागं एक गुरुजी आले होते. रिपोर्टवर ८५ पर्सेंटाइल बघून चेहरा खुलला. पोराला सीईटीत तेवढेच पडले होते म्हणे. त्यांना सांगावं लागलं की गुरुजी, हा पेपर उलटा आहे. तुमच्या वयाच्या शंभरातल्या ८५ माणसांपेक्षा तुमच्या नळ्यांत कॅल्शियम जास्त आहे. ७५ च्या वर असला तर बेरीज लहान असूनही डॉक्टर गंभीरपणे घेतात, कारण ४५ व्या वर्षी ६० आणि ७० व्या वर्षी ६० यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खाली कधी कधी फुफ्फुसातल्या छोट्या गाठीबद्दल एखादी ओळ असते. फोटो हृदयाचा असला तरी आजूबाजूचं दिसतंच. ती ओळ डॉक्टरांना आवर्जून दाखवा. बहुतेकदा जुन्या टीबीची खूण निघते, पण ते ठरवायचं त्यांनी.

पायरी ९: मोठा आकडा आला तर

पहिली गोष्ट, रिपोर्ट घेऊन थेट स्टेंट टाकायला धावू नका. त्रास नसलेल्या माणसाला नुसत्या कॅल्शियमच्या आकड्यावरून अँजिओप्लास्टी करायची नसते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया नावाच्या मोठ्या चाचणीत ५,१७९ रुग्ण होते, भारतातलेही होते. त्यांचा आजार स्थिर होता, पण स्ट्रेस टेस्टमध्ये रक्तपुरवठा चांगलाच कमी दिसला होता. तरीसुद्धा औषधांबरोबर सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून स्टेंट-बायपास केल्यानं, नुसत्या औषधांपेक्षा मृत्यू आणि झटके कमी झाल्याचं दिसलं नाही. छातीत दुखणाऱ्यांचा त्रास मात्र त्यानं कमी झाला. चालू झटक्यातली गोष्ट वेगळी, तिथं अँजिओप्लास्टी जीव वाचवते. तुमच्या आकड्यावरून पुढची काही तपासणी लागते काय, हे हृदयाचे डॉक्टर ठरवतील. कोणी त्याच दिवशी 'आजच भरती व्हा' म्हणालं आणि तुम्हाला काही त्रास नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

खरं काम गोळी, बीपी, साखर आणि तंबाखू यांचं. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन किंवा रोझुव्हास्टॅटिन लिहून दिली तर जनऔषधी केंद्रात विचारा, तिथं पुष्कळ स्वस्त मिळते. अंग फार दुखायला लागलं तर डॉक्टरांना सांगा, गुपचूप बंद करू नका. मामांनी तेच केलं होतं. तीन महिने गोळ्या पेटीत आणि आम्ही सगळे खुश.

दुसरं, वर्षभर गोळी घेऊन 'स्कोअर उतरला काय' बघायला परत येऊ नका. तो सहसा उतरत नाही. उलट स्टॅटिननं मऊ गाठी कडक होतात आणि आकडा थोडा वाढू पण शकतो. तो बिघाड नव्हे. गोळीचा परिणाम बघायचा तर लिपिड प्रोफाइल करा. ज्यांचा शून्य आला आणि गोळी चालू नाही, त्यांनी तीन ते पाच वर्षांनी, डॉक्टर म्हणाले तर, पुन्हा करावं.

आणि काकांचं? ते गेले यवतमाळला. ईसीजी, इको झाला, गोळ्या सुरू झाल्या, पुढच्या तपासणीची तारीख मिळाली आहे. परवा फोनवर म्हणत होते, "त्या मशीनचे पैसे वाचले, पण डॉक्टरनं खर्रा बंद केला लेका."

पायरी १०: कागद जपा

फिल्म उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली की चिकटते, सीडीवर ओरखडे येतात. रिपोर्टचा मोबाईलवर फोटो काढून मुलामुलीला पाठवून ठेवा. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत, जिथं सातबारा आणि पीक विम्याच्या पावत्या ठेवता तिथंच ठेवा. ती पिशवी घरात कोणी हरवत नाही. पाकिटावर बाहेरून जाड पेनानं तारीख, एकूण स्कोअर आणि सेंटरचं नाव लिहा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच सेंटरला या. मशीन बदललं की आकडा थोडा इकडंतिकडं होतो, आणि जुना कागद समोर नसला की आम्हालाही तो फरक मशीनचा की तुमचा हे सांगता येत नाही.